गाम्सवरचा दोर

तो दोर संध्याकाळी दिसत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला विचारायला नको की विगिलला डोळे नव्हते का. करंगळीएवढा पोलादी दोर, रंगही बर्फासारखाच करडा-पांढरा. दिवसभर स्की करणारे जो उतार उकरून ठेवतात, तो रोज उतार बंद झाल्यावर मशीन घालून सपाट करावा लागतो. गाम्ससारख्या उभ्या उतारावर ते अवजड मशीन स्वतःच्या पट्ट्यांवर टिकत नाही, म्हणून त्याच्या पाठीवर दोराचं मोठं रीळ असतं. दोराचं टोक वर खडकात रोवलेल्या लोखंडी खुंटाला अडकवायचं आणि त्याच्या आधाराने खाली-वर करत बर्फ दाबायचा. मशीन वळलं की दोर उताराच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला सरकतो. कधी बर्फात पडून असतो, कधी एका क्षणात छातीएवढ्या उंचीवर ताठ उभा राहतो. त्यावर आपटलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलंय ते त्याविषयी तोंड उघडत नाहीत, आणि आमच्या दरीत तोंड न उघडणारी माणसं फार थोडी आहेत.

ते मशीन कासियान चालवायचा. झिटाचा नवरा, आणि आमच्या सालचा.

आमच्या गावात, वालड्रिन्समध्ये, एकाच वर्षी जन्मलेली माणसं मरेपर्यंत एकमेकांची असतात. शाळा एकत्र, चोरून प्यायलेला पहिला श्नाप्स एकत्र, आणि शेवटी शवपेटीला खांदा द्यायलाही आपल्याच सालची माणसं लागतात. दर सालचा वर्षातला एक दिवस ठरलेला. आमचा मेणबत्त्यांच्या सणाचा, म्हणजे ऐन फेब्रुवारीच्या सुरुवातीचा. पूर्वी गडीमाणसं या दिवशी मालक बदलायची आणि मधल्या मोकळ्या वेळात हुंदडून घ्यायची. आता गडी राहिले नाहीत, हुंदडणं राहिलं. या दिवशी आमच्या सालचे सगळे कामधंदा टाकून सकाळपासून लिफ्ट बंद होईपर्यंत स्की करतात. सगळे म्हणजे काय, कुणाचे गुडघे गेले, कुणी शहरात मुलाकडे गेलं, कुणी दफनभूमीत गेलं. त्या वर्षी बर्फावर उभे राहू शकणारे आम्ही चौघंच उरलो होतो. विगिल, झिटा, कासियान आणि मी. मी बुर्गल, गावातली बेकरी माझी. त्यातही कासियानला सुट्टी नव्हती.

सकाळी आम्ही लिफ्टच्या पायथ्याशी जमलो तेव्हा तो गॅरेजमधून हात पुसत आला. आकाश असं निळं की बघवत नव्हतं. वारा अजिबात नाही. ऐन हिवाळ्यात गॅरेजच्या छपरावरून पाणी ठिबकत होतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. असं ऊन एप्रिलमध्ये शोभतं.

"लिफ्ट बंद व्हायच्या आत खाली या," कासियान म्हणाला. "आज मी अंधाराची वाट बघणार नाही. उद्या गाम्सवर पोरांची शर्यत आहे, आणि हे ऊन बघा, बर्फाचा नुसता चिखल होणार. लवकर दाबला तरच रात्रीत गोठेल. उतार बंद झाला की लगेच दोर लावतोय."

"ऐकलं का, पोरींनो?" विगिल म्हणाला. "साहेब दोर लावणार आहेत. हात जोडा."

"विगिल, मी थट्टा करत नाहीये."

"तू कधी केलीस रे? स्वतःच्या लग्नात पण केली नाहीस. तिथेसुद्धा दोर लावल्यासारखा उभा होतास."

मी हसले. झिटाही हसली. कासियान हसला नाही, त्याने बायकोकडे पाहिलं.

"झिटा, तू सांग. हा माणूस ऐकणार नाही."

"येऊ रे बाबा," झिटा म्हणाली. "शब्द दिला. दिवापण घेत नाहीये बरोबर, म्हणजे तर पटेल? अंधार पडायच्या आत खालीच असू."

विगिलने मात्र कपाळावरचा दिवा खिशात टाकलेला मी पाहिला. तो कधीच दिव्याशिवाय निघत नाही. स्कीच्या शाळेचा तो मुख्य शिक्षक होता. अर्ध्या गावाला त्याने बर्फावर उभं राहायला शिकवलं, उरलेल्या अर्ध्याला पडायला. गोष्टी सांगायला लागला की थांबवायला घंटा वाजवावी लागते. चांगला माणूस आहे, हेही सांगते, कारण आता गावात तसं म्हणणारे फारसे कुणी नाहीत. आदल्या शरद ऋतूत त्याला पहिली नात झाली होती, इडा. मेणबत्त्यांच्या सणाला संध्याकाळी चर्चमध्ये वर्षभरात जन्मलेली बाळं वेदीपुढे आणतात आणि घरातलं एक वडीलमाणूस बाळाशेजारी मेणबत्ती धरून उभं राहतं. इडाची मेणबत्ती विगिल धरणार होता. लेकीने दहादा बजावलं होतं, बाबा उशीर करू नका. हे त्याने आम्हाला पायथ्याशी सांगितलं, पुन्हा लिफ्टच्या रांगेत सांगितलं आणि मग त्याच्या शेजारी बसलेल्या डच माणसालाही सांगितलं.

मी आणि झिटा लिफ्टच्या दोरावर टांगलेल्या, त्याच्या मागच्या खुर्चीत होतो. खाली गाम्सचा उतार उन्हात चकाकत होता. झिटाने काठीने खाली दाखवलं.

"तो वरचा खुंट दिसतोय का, रोझिनाच्या खानावळीजवळचा? परवा कासियानला तो हलल्यासारखा वाटला. आजपासून त्याला दोर लावणार नाही तो. खाली ते नाकाड आहे ना खडकाचं, त्याच्याआड दुसरा खुंट आहे, त्याला लावणार."

"तिथून दोर उताराला तिरका कापत जाईल की गं."

"तेच तर. सकाळी न्याहारीला तेवढंच चाललं होतं त्याचं. पाव खाल्ला नाही धड."

"माझा पाव न खाणाऱ्या माणसाची मला काळजी वाटते," मी म्हटलं, आणि विषय तिथेच संपला. पुढच्या खुर्चीतल्या विगिलला हाक मारून ते सांगावं असं आम्हा दोघींच्याही मनात आलं नाही. का येईल? दोर लागायच्या आत आम्ही खाली असणार होतो. हे मी पोलिसांनाही सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं.

दिवस मात्र काय होता! बर्फ सकाळी साखरेसारखा होता आणि स्कीखाली करकरत होता. विगिल पुढे, झिटा त्याच्या रेघेवर रेघ ओढत मागे, आणि मी त्यांच्या मागे धापा टाकत. झिटा या वयातही अशी उतरते की तिला पाहताना वाटतं, ही पडते आहे आणि पडता पडता मजेत आहे. पहिल्या खानावळीत आम्ही गैरहजर सोबत्यांच्या नावाने एक एक पेला घेतला. तशी रीतच आहे. दुसऱ्या खानावळीतही रीत पाळली.

पण दुपारपासून मला काहीतरी खुपायला लागलं. ऊन जास्तच होतं. कड्याखालचे डोमकावळे एरवी पर्यटकांच्या ताटांवर तुटून पडतात, ते त्या दिवशी खांबावर गप्प बसले होते. एका ठिकाणी माझ्या स्कीखालचा मऊ थर सरकला आणि खालचा जुना बर्फ उघडा पडला. काचेसारखा हिरवा, घट्ट. मी थांबून त्यावर काठी आपटली. टोक रुतलं नाही.

"काय शोधतेस, बुर्गल? पडलेला दात?" विगिल वरून ओरडला.

"खाली सगळं काच झालंय," मी म्हटलं. "वर चिखल, खाली काच. असल्या बर्फावर मशीन कसं उभं राहणार?"

"ती कासियानची डोकेदुखी. आपली सुट्टी आहे."

त्यानंतर झिटा सारखी उन्हाकडे बघायला लागली. डोंगराची सावली दरीतून वर चढत होती. आधी गावाची छपरं गेली, मग चर्चचा मनोरा, मग गॅरेज. आम्ही शेवटच्या लिफ्टने वर गेलो तेव्हा गाम्सचा खालचा भाग सावलीत होता आणि तिथला चिखल गोठायला लागला होता. वर मात्र अजून सोनेरी ऊन होतं. शेवटचा पेला रोझिनाकडे घ्यायचा आणि सरळ खाली उतरायचं असं ठरलेलं.

आता या शेवटच्या पेल्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलं. आधीचे पेले गैरहजर असलेल्यांसाठी, पण शेवटचा मेलेल्यांसाठी. टेबलाभोवती बसून एकेकाने आमच्या सालच्या एकेका मेलेल्याचं नाव घ्यायचं, त्याची एखादी आठवण सांगायची, आणि नावं संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. उठणाऱ्याचं नाव पुढच्या वर्षी त्या नावांत येतं असं म्हणतात. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण उठलेही नाही.

झिटाने पेला हातात घेतल्यावरच बजावलं होतं, "भराभर हं, विगिल. मी शब्द दिलाय."

"भराभर," विगिल म्हणाला, आणि पहिलं नाव घेतलं ते फाइटचं.

फाइट म्हणजे झिटाचा जुळा भाऊ. विशीत गेला, याच डोंगरात. विगिल त्याचा जिवलग. आता त्या नावावर झिटा भराभर काय करणार? विगिलने फाइटची एक गोष्ट सांगितली, ती ऐकून झिटा रडली आणि मग हसली, आणि मग तिने स्वतः त्याची एक सांगितली, जी आम्ही कुणी ऐकली नव्हती. रोझिनाने सातूचं सूप आणून ठेवलं. आमच्याहून दहाएक वर्षांनी मोठी बाई, पण वर डोंगरात सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात. तीही बाकावर टेकली.

तेवढ्यात दार उघडून माग्नुस आत आला. लिफ्ट बंद झाल्यावर उतारांवर कुणी राहिलं नाही ना, हे बघत शेवटी खाली जायचं हे त्याचं काम. चांगला तिशीचा गडी, पण विगिलसमोर अजून शाळेतलाच.

"मास्तर, चला आता. तुम्ही शेवटचे."

"नावं चालू आहेत, माग्नुस."

माग्नुसने टोपी काढली. नावं चालू असताना कुणाला उठवत नाहीत. परका कुणी असता तर त्याने दंडाला धरून बाहेर काढला असता. आमच्याकडे पाहून तो नुसता दारात अवघडला.

"पण लगेच निघा हं," तो झिटाला म्हणाला. "कासियान वर यायला निघालाय."

"निघतोच," झिटा म्हणाली. "शेवटचं नाव."

माग्नुस तिच्या शब्दावर खाली गेला. ते नाव शेवटचं नव्हतं. नावं संपून आम्ही उठलो तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं. बाहेर सगळं निळसर झालं होतं, आणि खालून कुठूनतरी इंजिनाची घरघर येत होती. झिटा दारात आडवी उभी राहिली.

"आता कुणी खाली जायचं नाही," ती म्हणाली. "इथेच बसायचं. काम झालं की तो रोझिनाकडे सूप प्यायला येतोच. त्याच्याबरोबर मशीनमध्ये बसून जाऊ. शिव्या खाऊ आणि जाऊ."

"मला चर्चला पोचायचंय," विगिल म्हणाला.

"नाही पोचणार तू."

"झिटा, पोरगी वाट बघतेय. बाळाला घेऊन वेदीपुढे उभी राहील आणि शेजारी कोण? तो तिचा नवरा, ज्याला मेणबत्तीची कुठली बाजू पेटवायची ते कळत नाही?"

"तो पेटवेल कुठली तरी. जंगलाच्या रस्त्याने चालत जा हवं तर."

"त्याने तासाच्या वर लागेल. प्रार्थना संपून लोक पेल्याला बसलेले असतील."

"मग बसू देत!" मी म्हटलं. "नातीला आजोबा अख्खा मिळाला तरी खूप झालं."

तो पुन्हा बाकावर बसला. मला वाटलं, ऐकलं. झिटा रोझिनाबरोबर स्वयंपाकघरात गॅरेजला फोन लावायला गेली. कासियानचा मोबाइल त्या उतारावर लागत नाही, पण गॅरेजमध्ये वायरलेस आहे, तिथे कुणी असलं तर निरोप देता आला असता. फोन वाजत राहिला, मला ऐकू येत होतं. या वेळी सगळेच आपापल्या मशीनवर असतात. मी टेबलावरचे पेले गोळा करत होते. विगिल कधी बाहेर गेला ते मला कळलं नाही.

खिडकीवर टकटक झाली. तो बाहेर उभा, कपाळावर दिवा पेटवलेला, पायात स्की, तोंडभर हसू.

"खुंट रिकामा आहे, बुर्गल!" तो काचेपलीकडून ओरडला. "दोर लागलेलाच नाही! कासियान अजून खालीच आहे, चटकन जातो!"

हे आमच्याकडचं शहाणपण. पर्यटक लाल दिवा बघतो, पाटी वाचतो आणि भिऊन परत फिरतो. आम्ही पाटी वाचत नाही, खुंट बघतो. दोर खुंटाला असला तर जायचं नाही, नसला तर खुशाल जा. लहानपणापासून हेच शिकलो, आणि विगिलने तर अर्ध्या गावाला हे शिकवलं होतं.

मी खिडकी उघडेपर्यंत पेले हातातून पडले. "अरे, तो खुंट नाही! खाली, नाकाडाआड—"

त्याने काठ्या रोवल्या आणि गेला. त्याच्या पाठीवर माझी हाक पोचली की नाही, मला माहीत नाही.

झिटा स्वयंपाकघरातून धावत आली ती माझ्याकडे न बघता सरळ दाराबाहेर. मी तिच्यामागे. तिने एक स्की पायात अडकवली, दुसरी अडकवली, आणि उताराच्या काठावरून अंगातलं सगळं बळ लावून ओरडली, "विगिल, थांब! मी येतेय! थांब तिथे, मी येतेय!"

खालून विगिलची आरोळी आली. ऐकलं होतं त्याने. पण थांबला नाही. दिवा डुलत डुलत खाली जात राहिला.

झिटा निघाली, आणि मी तिला कमरेला मिठी मारली. आम्ही दोघी बर्फात आपटलो.

"सोड मला! दोर कुठून जातो ते मला माहीत आहे, मी कडेकडेने जाईन!"

"आणि तू आहेस हे कासियानला माहीत आहे का? दिवा कुठाय तुझ्याकडे? त्याला एक दिवा दिसेल, झिटा! एकासाठी थांबेल आणि दुसरीला कापून काढेल!"

ती माझ्या हाताला कडकडून चावली. अजून खूण आहे. मी सोडलं नाही. बेकरीत आयुष्यभर पीठ मळलेले हात आहेत हे. हळूहळू तिचं धडपडणं थांबलं आणि आम्ही दोघी उताराच्या काठावर गुडघ्यांवर बसून खाली बघू लागलो. तिथून नाकाडाखालचा सगळा उतार दिसतो.

मशीनचे दिवे उताराच्या मधोमध होते, वर येत होते. विगिलचा दिवा नाकाडाला वळसा घालत होता. दोर मला दिसत नव्हता. पण तो कुठे असणार हे दोघींनाही माहीत होतं. विगिल सरळ त्याच्यावर चालला होता, आणि मी, बरीच वर्षं प्रार्थनेला फक्त पाव पोचवायला जाणारी बाई, देवाचं नाव घेत होते.

मशीन थांबलं.

"बघितलं त्याने," झिटा म्हणाली. तिची बोटं माझ्या दंडात रुतली होती. "दिवा बघितला. दोर सोडतोय. सोडला. बघ, मशीन जरा वर सरकलं ना, तो ढील देतोय."

विगिलचा दिवा नाकाडाखालून निघाला, त्या जागेवर आला, आणि त्या जागेवरून पुढे गेला. काहीही झालं नाही. तो उतरत उतरत मशीनपाशी जाऊन थांबला. झिटा बर्फात कपाळ टेकून हसायला लागली, आणि मी विगिलला काय काय ऐकवायचं त्याची उजळणी सुरू केली. पहिल्यांदा त्याच्या आईचा उद्धार करणार होते.

मशीन तिथेच उभं राहिलं.

थोड्या वेळाने झिटाने मान वर केली. "ताणत का नाहीये?"

"शिव्या देत असेल विगिलला."

"शिव्या दोर ताणूनही देता येतात." ती उभी राहिली. "बुर्गल, खाली काच आहे. ढिल्या दोराने नाही उभं राहणार ते तिथे. कासी, ताण. ताण ना."

मशीनचा मोठा दिवा वर वळला. उतारावरून तो हळूहळू फिरायला लागला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मग थोडं वर, मग पुन्हा. नाकाडाच्या पायथ्याशी थांबून थांबून फिरत होता. काहीतरी शोधत होता. आम्ही दोघींनी हात हलवले, ओरडलो. पण त्याचा उजेड आमच्यापर्यंत पोचतच नव्हता, आणि इंजिनापुढे आमचा आवाज काय पोचणार?

"काय शोधतोय तो?" झिटाने विचारलं.

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.

मग तो उजेड उतारावरून उचलला गेला आणि आभाळात गेला. सगळे दिवे मागे सरकायला लागले, अगदी सावकाश, जणू कासियान मागे घेतोय. झिटाने एकदाच त्याचं नाव घेतलं, ओरडून नव्हे, घरातल्यासारखं. दिवे आडवे झाले. ते उताराच्या कडेपर्यंत गेले आणि घळीत नाहीसे झाले, आणि आवाज त्यानंतर आला.

पुढचं विगिलने सांगितलं. मला, पोलिसांना आणि शेवटी झिटाला. तिच्यासमोर उभं राहून सांगितलं, तेवढं मी त्याच्या बाजूने धरते. तो मशीनपाशी पोचला तेव्हा हसत होता. कासियानने केबिनचं दार उघडलं. तो शिव्या देईल असं विगिलला वाटलं, पण त्याने फक्त विचारलं, "एकटाच आहेस ना?" आणि विगिल म्हणाला, "नाही रे, तुझी बायको येतेय मागून. दिवा नाही तिच्याकडे, तेवढं बघ."

कासियानचा हात दोर ताणायच्या दांडीवर होता. तो त्याने काढून घेतला. विगिलला म्हणाला, बाजूला हो, झाडांच्या कडेला जाऊन उभा राहा. मग मशीनचं पुढचं पातं बर्फात दाबून धरून तो मोठा दिवा उतारावर फिरवू लागला. मशीन एकदा हातभर घसरलं. विगिल झाडांतून ओरडला, "ताण, कासियान! ती कडेने येईल, तिला माहीत आहे!" पुन्हा घसरलं. विगिल पुन्हा ओरडला, "ताण!"

"ती उतरल्यावर," कासियान म्हणाला. वर बघतच म्हणाला.

गाव काही काळ विगिलवर थुंकलं. मग आपोआप थांबलं, कारण तो घराबाहेर पडेनासा झाला. मग गावाने माझ्याकडे मोर्चा वळवला. बेकरीत पाव घ्यायला आलेल्या बायका माझा चावलेला हात हातात घेऊन म्हणतात, "बुर्गल, तू होतीस म्हणून झिटा वाचली." फादरनेही चर्चमध्ये तसंच सांगितलं. मी मान हलवते आणि पाव बांधून देते.

झिटा तसं म्हणत नाही. ती माझ्यावर रागावलेलीही नाही. रोज सकाळी येते, एकटीपुरता पाव घेते, कधीकधी दुकान रिकामं असलं की गल्ल्याशी रेंगाळते. एकदा तिने विचारलं, तेव्हा ती पावाकडे बघत होती.

"मी निघाले असते, तर मशीनपाशी वेळेत पोचले असते का गं?"

"नाही," मी म्हटलं. "वेडी आहेस का? त्या बर्फावर? कशी पोचणार होतीस?"

"तेच वाटतं मलाही," ती म्हणाली, आणि गेली.

तसं पुन्हा झालं तर मी तिला पुन्हा धरेन. दिवा नसलेल्या बाईला त्या उतारावर कोण सोडेल? यात मला शंका नाही आणि कुणी शंका घेतलेली मला खपणारही नाही. पण मी लहानपणापासून तिच्या मागे उतरत आले आहे. गाम्स उतरायला झिटाला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे, आणि तो दिवा उतारावर किती वेळ फिरत होता ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. दोर सैल होता. विगिलच्या मागोमाग तीही त्यावरून गेली असती, कासियानने तिला पाहिलं असतं आणि दोर ताणला असता. ती पोचली असती.